साष्टीचे भांडण : प्रस्तावना

वांद्र्याच्या खाडीपासून घोडबंदरपर्यंत आणि वेसाव्याच्या किनाऱ्यापासून मुलुंडच्या टेकड्यांपर्यंतचा जो पट्टा आज मुंबईचे उपनगर म्हणून ओळखला जातो, तो अठराव्या शतकात मुंबईत नव्हता. अंधेरी, मरोळ, मालाड, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, भांडुप ही सारी साष्टी बेटावरची गावे. मुंबईची हद्द माहीम आणि शीवच्या खाडीशी संपे, पलीकडे परराज्य लागे. १७३७ पर्यंत ते पोर्तुगिजांचे होते, मग मराठ्यांचे झाले, आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते बळकावले. त्या बळकावण्यातून जे युद्ध उभे राहिले ते १७८२ पर्यंत धुमसत राहिले. पुणे, सुरत, ग्वाल्हेर, मद्रास इतक्या लांबवर त्याची झळ पोचली. निजाम, म्हैसूरचा हैदर, नागपूरकर भोसले त्यात ओढले गेले आणि फ्रान्सच्या राजाचे नावही पुण्याच्या दरबारात घेतले गेले.

पहिल्या महायुद्धाची साखळी आपण शाळेत पाठ केलेली असते. साराजेव्होला गोळी सुटली. ऑस्ट्रियाच्या मागे जर्मनी, सर्बियाच्या मागे रशिया, रशियाच्या मागे फ्रान्स आणि बेल्जियमचे निमित्त होऊन इंग्लंड, असे एकेक जण युद्धात उतरले. कोणी कोणाशी कोणता करार केला होता हे मुलांना तारखांसकट सांगता येते. मात्र त्याच्या १४० वर्षे आधी तशीच एक साखळी आपल्या दारात, आपण रोज लोकलने ओलांडतो त्या खाड्यांवर तुटेपर्यंत ताणली गेली होती, हे अंधेरी-बोरिवलीच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. मी उपनगरात वाढलो. मुंबईचा इतिहास म्हणून आम्हाला जे शिकवले ते कुलाब्यापासून माहीमपर्यंतच्या सात बेटांचे. आमच्या पायाखालच्या बेटाचा त्यात उल्लेखही नसे. हे पुस्तक लिहिण्याचे मुख्य कारण तेच.

पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे. साष्टीचे युद्ध लोभातून जन्मले हे खरे, पण लोभ एकटा पुरला नाही. इंग्रजांना साष्टी कित्येक वर्षे हवी होती आणि तेवढी वर्षे ते हात आवरून बसले होते. हात घालायला त्यांना प्रवृत्त केले ते भीतीने. आधी पोर्तुगीज येतील ही भीती, मग फ्रेंच येतील ही भीती. दुसऱ्याने तिसऱ्याशी तह करण्याआधी आपण काहीतरी केले पाहिजे, या घाईत एकेक पाऊल पडत गेले, आणि ज्या जुटीची धास्ती होती ती जूट त्या पावलांनीच घडवून आणली.

आरंभ एका लग्नापासून करावा लागतो. १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांचे लग्न ठरले आणि मुंबई आंदणात देण्याचे कलम झाले. पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनच्या जोखडातून सुटले होते आणि पूर्वेकडे डच त्यांची एकेक बंदरे गिळत होते. लिस्बनला सोयरिकीपेक्षा इंग्लंडचे आरमार हवे होते. डचांपासून पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातील मुलखाचे रक्षण इंग्लंडने करावे, असे गुप्त कलम त्या तहात होते. पण 'मुंबई' म्हणजे नेमके काय, यावर दोघांचे सुरुवातीपासूनच जुळले नाही. साष्टीसुद्धा आंदणात आली असे इंग्रज म्हणत, तर गोव्याचे पोर्तुगीज अधिकारी एकटे मुंबई बेट द्यायलाही खळखळ करत होते. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत १६६४ मध्ये वारला. त्याची बहुतेक फौज तिथेच आजारपणाने संपली. मुंबई अखेर १६६५ मध्ये हाती आली, पण साष्टी आलीच नाही. १६६८ मध्ये राजाने मुंबई सालीना दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिली आणि साष्टीचा सलही त्याबरोबर कंपनीकडे गेला.

हा सल नुसत्या मानापमानाचा नव्हता. मुंबई बेटावर पिकत होते ते थोडे. भात, भाजी, गुरे, सरपण हे सारे साष्टीकडून यायचे. ठाण्याला आणि करंजाला पोर्तुगीज जकात घेत, आणि ती वाढली की मुंबईच्या व्यापाऱ्यांचा जीव गुदमरे. तहाने मित्र झालेले दोन देश माहीमच्या खाडीच्या दोन काठांवरून एकमेकांवर पाळत ठेवून बसले होते.

१७३७ मध्ये चिमाजी अप्पाच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले, आणि १७३९ च्या मेमध्ये वसई पडली. हा पराक्रम मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. मुंबईकर इंग्रज त्या दोन वर्षांत कसे वागले ते मात्र सांगितले पाहिजे. पोर्तुगाल त्यांचा शेकडो वर्षांचा दोस्त. त्यांनी वसईला दारूगोळा दिला, थोडे कर्जही दिले, पण फौज दिली नाही. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती गेला तर माहीमवर तोफा रोखल्या जातील, म्हणून तो पाडून टाकण्याचा आग्रह इंग्रजांनीच धरला. वांद्र्याच्या टोकाशी आज आपण जे अवशेष पाहतो त्यांच्या पडझडीत मित्राच्या या सल्ल्याचाही वाटा आहे. वसई पडली तेव्हा कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पाकडे गेला आणि जुलैत तह करून आला. कॅप्टन गॉर्डनला शाहू महाराजांकडे साताऱ्याला धाडले होतेच. इकडे मुंबईच्या व्यापाऱ्यांनी मराठ्यांच्या धास्तीने ३०,००० रुपये वर्गणी काढली आणि कोटाभोवती खंदक खणायला घेतला. तह आणि खंदक दोन्ही एकाच वर्षातले. माझ्या मते त्या वर्षाचे खरे चित्र या दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावरच दिसते.

मध्यंतरीची तीस-पस्तीस वर्षे मी पुस्तकात झटकन ओलांडली आहेत. त्यातला एकच प्रसंग इथे नोंदवतो. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्याचा विजयदुर्ग घेतला. वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची फौज दोन्ही मुळात हिंदुस्थानातील फ्रेंचांशी लढण्यासाठी आलेली होती. हाती रिकामी होती म्हणून आंग्र्यावर वळवली. युरोपातल्या भांडणासाठी आणलेली तोफ कोकणात अशी डागली गेली, आणि मराठ्यांचे स्वतःचे आरमार मोडायला खुद्द पेशव्यांनी हातभार लावला. पुढे साष्टीच्या वेळी समुद्रावर इंग्रजांना अडवणारे कोणी नव्हते, त्याचे एक मूळ इथे आहे.

आता १७७४ चा डिसेंबर. त्या एका महिन्यासाठी मी सर्वांत जास्त पाने दिली आहेत. कंपनीच्या लंडनच्या डायरेक्टरांनी साष्टी आणि वसई मिळवण्याची इच्छा मुंबईला यापूर्वीच लिहून कळवली होती, मात्र बळाने नव्हे, बोलणी करून. त्यासाठी १७६७ मध्ये टॉमस मॉस्टिन पुण्याला येऊन गेला, आणि १७७२ मध्ये पुन्हा आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात थोरले माधवराव वारले. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा खून झाला. रघुनाथराव ऊर्फ राघोबा गादीवर बसला, पुण्याच्या बारभाई कारभाऱ्यांनी त्याला उखडला, आणि १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म झाल्यावर राघोबाच्या दाव्यातली हवाच गेली. तो इंग्रजांकडे वळला. मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई मागितली. राघोबाने नकार दिला. हे राघोबाच्या बाजूने लिहून ठेवलेच पाहिजे. ज्याला आपण घरभेदी म्हणून मोकळे होतो, त्यानेही चिमाजी अप्पाने मिळवलेली वसई द्यायला आधी साफ नकार दिला होता.

बोलणी तिथेच अडली असती. तेवढ्यात खबर आली की वसई आणि साष्टी परत घ्यायला पोर्तुगालहून आरमार निघाले आहे. हॉर्नबीच्या कौन्सिलने हिशेब केला, की पोर्तुगीज एकदा ठाण्यात शिरले तर त्यांना काढायचे कसे? ते दोस्त राष्ट्र, त्यांच्याशी लढता येणार नाही. मराठ्यांशी मात्र लढता येईल. म्हणून पोर्तुगीज पोचण्याआधी आपणच साष्टी घ्यावी असे ठरले. बारा वर्षांपूर्वी, १७६२ मध्ये, याच इंग्लंडने स्पेनच्या स्वारीपासून पोर्तुगालला वाचवण्यासाठी स्वतःचे सैनिक पाठवले होते. तिकडे दोस्ती जपण्यासाठी युद्ध झाले, इकडे दोस्ताशी युद्ध नको म्हणून तिसऱ्याचा मुलूख घेतला गेला. आरमार खरोखर केवढे होते आणि खबर किती खरी होती, याची शहानिशा करायला कोणी थांबले नाही.

१२ डिसेंबर १७७४ ला जनरल रॉबर्ट गॉर्डनची फौज मुंबईहून निघाली, समुद्रावर कमोडोर जॉन वॉटसन होता (हे दोघे आधी आलेल्या गॉर्डन-वॉटसनहून वेगळे). पोर्तुगीज जहाजे मुंबई बंदराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली तेव्हा हा तांडा ठाण्याकडे निघालेला होता. त्यांच्या हाती रीतसर निषेध नोंदवण्यापलीकडे काही उरले नाही. ठाण्याच्या किल्ल्यावर तोफांचे मोर्चे लागले. वॉटसन वेढ्यातच जिव्हारी जखमी होऊन मेला. २७ तारखेच्या रात्री खंदक बुजवण्याचा इंग्रजांचा प्रयत्न मराठ्यांनी हाणून पाडला, त्यात इंग्रजांची माणसे मोठ्या संख्येने पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मारा करून ते आत घुसले आणि किल्ल्यातली बहुतेक शिबंदी कापली गेली. वेसाव्याच्या खाडीपलीकडचा मढचा किल्लाही त्याच सुमारास पडला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत सारी साष्टी इंग्रजांकडे गेली होती. ठाण्याचा तो कोट आजही उभा आहे, मध्यवर्ती कारागृह त्याच तटबंदीच्या आत आहे. २८ डिसेंबरला मेलेल्या शिबंदीची आठवण मात्र तिथे कोणी फारशी काढत नाही.

एवढे झाल्यावर राघोबाचा नकार निरर्थक ठरला. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्याने साष्टी आणि वसई लिहून दिली. मुंबईने त्याला २,५०० फौज द्यायची, त्याने दरमहा दीड लाख खर्च सोसायचा आणि सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे. मे महिन्यात गुजरातेत अडासला लढाई झाली.

इथून वाचकाला तीन कचेऱ्यांवर एकदम लक्ष ठेवावे लागेल. १७७३ च्या रेग्युलेटिंग कायद्याने युद्ध आणि तहाच्या बाबतीत मुंबईला कलकत्त्याच्या हाताखाली ठेवले होते. कलकत्त्याच्या कौन्सिलने सुरतेचा तह बेकायदा आणि अन्यायाचा ठरवला आणि कर्नल अप्टनला पुरंदरला पाठवले. १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. सुरतेचा तह रद्द, राघोबाची साथ सोडायची, पण साष्टी इंग्रजांकडेच! आणि ऑगस्टमध्ये लंडनहून पत्र आले, की डायरेक्टरांना सुरतेचा तह पसंत आहे. पत्राला केपला वळसा घालून यायला सहा महिने आणि कधी त्याहून अधिक लागत. एकाच कंपनीची तीन तोंडे तीन गोष्टी बोलत होती. पुण्याने विश्वास ठेवायचा तो कोणत्या सहीवर? नाना फडणिसांवर पुढे संशयी, पाताळयंत्री असे शिक्के बसले. या दोन वर्षांचे कागद वाचल्यावर मला वाटते, संशय घेतला नसता तर तो कारभारी म्हणून नालायक ठरला असता.

पुस्तकाचा मध्य म्हणजे सां लुबँचे प्रकरण. १७७७ च्या मार्चमध्ये हा फ्रेंच गृहस्थ चौलला उतरला आणि फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवत पुण्यात आला. त्याला किती अधिकार होते याबद्दल तेव्हाच्या फ्रेंचांनाही शंका होती. नानाने त्याचे इतमामाने स्वागत केले, मॉस्टिनच्या डोळ्यांदेखत. फ्रेंचांना चौल बंदर मिळणार, फौज आणि दारूगोळा उतरणार, या वार्तांनी मुंबईची झोप उडाली. वर्षभर नानाने त्याला हाती धरून ठेवले आणि १७७८ च्या जुलैत वाटेला लावले. नानाने चौल दिले नाही. फ्रेंच पलटणही बोलावली नाही. त्याला फक्त एवढेच हवे होते की पुण्याला दुसरा दरवाजा आहे हे इंग्रजांच्या मनात राहावे.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांविषयी पूर्वीच इशारा देऊन ठेवला होता. इतर सावकारांसारखे हे नुसते सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांची राज्ये आहेत, किनाऱ्याला यांना जागा देऊ नये. नानाने त्यातून पुढचे ओळखले. ज्यांच्या पाठीशी राज्ये आहेत त्यांची आपापसातली वैरेही पाठीशी असणार, आणि त्या वैरांचा उपयोग करता येतो. तिसऱ्या प्रकरणात मी याला नानाची सर्वांत मोठी राजकीय जाण म्हटले आहे, आणि तिची किंमतही तिथेच मांडली आहे. कारण इंग्रज नुसते धास्तावून थांबले नाहीत. ६ फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्सने अमेरिकेतील बंडखोर वसाहतींशी तह केला. त्या उन्हाळ्यात इंग्लंड-फ्रान्स युद्धाची बातमी कलकत्त्याला पोचली. तिथला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने चंद्रनगर घेतले, ऑक्टोबरात पाँडिचेरी पडली. आता सां लुबँ पुण्यातून गेलेला असला तरी पुण्यात फ्रेंच हात आहे ही समजूत घट्ट झाली होती. नोव्हेंबरात मुंबईच्या फौजेने राघोबाला घेऊन घाटाची वाट धरली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला ती कोंडली गेली आणि साष्टी परत देण्याचे लिहून देऊन सुटली. हॉर्नबीने ते लिखाण मानले नाही. वडगावच्या लढाईवर मराठीत चांगले लेखन झालेले आहे, म्हणून मी तिथे रेंगाळलो नाही.

त्यापेक्षा दक्षिणेकडे पाहावे असे मला वाटते. फ्रेंच बंदरे घेण्याच्या ओघात इंग्रजांनी १७७९ च्या मार्चमध्ये माहे घेतले. माहे हैदरच्या छत्राखाली होते आणि त्याची युद्धसामग्री तिथून येई. निजामाचा भाऊ बसालतजंग याच्या पदरी फ्रेंच सैनिक होते, त्यांना काढवून मद्रासकरांनी गुंटूर आपल्याकडे घेतले. निजाम बिथरला. दोन्ही पावले फ्रेंचांच्या भीतीने टाकलेली, आणि दोन्ही पावलांनी दोन मातब्बर शत्रू निर्माण केले. १७८० च्या आरंभी पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण आणि नागपूर यांची जूट नानाने बांधली. हे चौघे एकमेकांचे जुने वैरी. हैदर आणि मराठे यांच्यात तर तुंगभद्रेच्या दोन्ही अंगांना किती वर्षे रक्त सांडले होते! त्यांना एका कागदावर आणणे नानाला शक्य झाले, त्याचे बरेचसे श्रेय मद्रास आणि मुंबईच्या कौन्सिलांना द्यावे लागेल. याच सुमारास नानाने पोर्तुगिजांनाही शांत केले. १७ डिसेंबर १७७९ च्या तहाने नगर हवेलीतला मुलूख त्यांना देऊ केला. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त करायला जे मराठी तरुण गेले, त्यांच्यापुढे उभा असलेला प्रश्न या तहातून आलेला होता.

जूट टिकली नाही. हैदर वचनाला जागला. १७८० च्या सप्टेंबरात पोलिलूरला त्याने इंग्रजी तुकडीचा धुव्वा उडवला. निजाम गुंटूर परत मिळाल्यावर गप्प बसला. भोसल्यांची फौज कटकपर्यंत गेली आणि हेस्टिंग्जच्या पैशाने तिथेच थबकली. ऑगस्टमध्ये ग्वाल्हेर इंग्रजांच्या हाती पडले, ११ डिसेंबरला त्यांचा सेनापती गॉडर्ड याने वसई घेतली. दुसऱ्याच दिवशी वज्रेश्वरीजवळ दुगाडला मराठी सेनानी रामचंद्र गणेश कानडे लढताना पडला. पण १७८१ च्या एप्रिलमध्ये बोरघाटातून मागे फिरताना गॉडर्डचेही हाल झाले. कोणालाच निकाल लावता येईना.

साधनांबद्दल थोडे. मराठी बाजूचा मुख्य आधार म्हणजे रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतर संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आणि वासुदेवशास्त्री खरे यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह. खऱ्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रे छापली नसती तर या युद्धात पुण्याच्या मनात काय चालले होते ते आपल्याला इंग्रजांकडूनच ऐकावे लागले असते. तारखांची एक अडचण वाचकाने लक्षात ठेवावी. १७५२ पर्यंत इंग्रजांचे पंचांग पोर्तुगिजांच्या ११ दिवस मागे होते, म्हणून वसईच्या पाडावाची तारीख दोन पुस्तकांत दोन दिसते. मी सर्वत्र नवी गणना वापरली आहे. गावांची नावे मराठी रूढीप्रमाणे ठेवली आहेत : वेसावे, शीव, वांद्रे.

शेवटचे प्रकरण सालबाईच्या तहाचे आहे. १७ मे १७८२ ला महादजी शिंद्याने डेव्हिड अँडरसनशी तो केला. वसई परत आली. साष्टी, करंजा आणि घारापुरी इंग्रजांकडे राहिली. साष्टी कोणी घालवली, हा प्रश्न मराठीत आजवर महादजी की नाना या वादात अडकून पडला आहे. मला तो वादच निरुपयोगी वाटतो. साष्टी पुरंदरच्या तहातच कागदावर गेली होती. नानाने सालबाईवर शिक्कामोर्तब करायला महिने लावले ते माझ्या मते साष्टीसाठी नव्हे, हैदरला वाऱ्यावर सोडवेना म्हणून. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि मगच, १७८३ च्या फेब्रुवारीत, तहाची देवघेव पुरी झाली.

माझ्या मते सालबाईतले भारी कलम वेगळे होते. पोर्तुगिजांच्या जुन्या वखारी सोडून दुसऱ्या कोणत्याही युरोपीय राष्ट्राला पेशव्याने आपल्या मुलखात वखार घालू देऊ नये, असे त्यात ठरले. साष्टी एक बेट होते. या कलमाने पुण्याचा तो दुसरा दरवाजा बंद झाला, ज्याच्या जोरावर नानाने इंग्रजांना पाच वर्षे अस्वस्थ ठेवले होते. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज स्वीकारली, तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या तोंडी पुन्हा फ्रेंचांचेच नाव होते आणि इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्राच्या युरोपियनांना चाकरीत ठेवायचे नाही हे कलमही आले. नाना दोन वर्षांपूर्वी वारला होता. सां लुबँसारखा कोणी पुण्यात आला असता तरी त्याला भेटायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पुण्याकडे राहिला नव्हता.